मी गेम खेळते, म्हणून सांगते



व्हिडिओ गेम या विषयावर बोलायला सहसा डॉक्टरांना बोलावतात, नाहीतर सायबर पोलिसांतल्या साहेबांना, नाहीतर एखाद्या मुख्याध्यापिका बाईंना. तिघंही कळकळीनं बोलतात. पण ऐकताना मला दर वेळी वाटतं, यांच्यापैकी कुणी कधी हातात रिमोट धरला असेल का? स्वयंपाक न येणाऱ्या माणसानं भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं, तसं होतं ते. मीठ जास्त झालेलं असतंच, पण ते का झालं हे त्याला सांगता येत नाही.

मी खेळते. वय 42, मानेवाड्याकडे झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, घरी दोन मुलं आहेत, आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून मी गेम खेळत आले आहे. त्यामुळे आज तक्रारही सांगणार आणि कौतुकही. दोन्ही मनापासून.

आमच्या वेळी गेम म्हणजे टीव्हीला जोडायचं यंत्र. त्यात वरून कॅसेट खोचायची. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा 45 च्या वर, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. दुपारी बारा ते चार बाहेर पडायला बंदी. कूलरच्या वाळ्याचा वास, टरबुजाच्या फोडी आणि चार भावंडांत दोन रिमोट. मारियो, कॉन्ट्रा, रोड फायटर, रणगाड्याचा तो एक, आणि बंदुकीनं बदकं मारायचा. यंत्रात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. लाईट गेली की आठव्या दुनियेत पोचलेला मारियो परत पहिल्या विटेपाशी. पण बाप्पा, त्या काळी रडणारा मुलगासुद्धा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

मारियोचं एक सांगते, कारण चांगला गेम म्हणजे काय हे मला त्यावरून समजलं. हा गेम जपानच्या निन्टेंडोनं 1985 मध्ये काढला. सुरू झाला की मारियो डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कुणी काही सांगत नाही. तुम्ही आपोआप उजवीकडे चालता. समोरून एक तपकिरी प्राणी येतो. उडी मारली नाही तर आऊट. दुसऱ्या खेपेला उडी मारता, वर विटेवर डोकं आपटतं आणि नाणं निघतं. एक अक्षर न लिहिता त्या गेमनं तुम्हाला चालणं, उडी, धोका आणि बक्षीस चारही गोष्टी शिकवल्या. आमच्या शेजारच्या आजी शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांनाही पाच मिनिटांत जमलं होतं. चांगला गेम असाच असतो. तो तुम्हाला हरवतो, पण अपमान करत नाही. शंभरदा चुकलात तरी एकशे एकाव्या वेळी तेवढ्याच शांतपणे उभा असतो. इतका धीर शिकवणाऱ्या माणसांतही कमी दिसतो. गणितात कच्ची म्हणून बाकावर उभी राहिलेली माझ्यासारखी मुलगी तिथे तासन् तास का रमायची, याचं उत्तर यात आहे.

आणि त्याच मारियोतली खटकणारी गोष्टही सांगते. ती राजकन्या. आठ दुनिया पार करायच्या त्या तिला सोडवायला, आणि ती नुसती वाट बघत उभी. माझा भाऊ मारियो आणि मी हिरव्या कपड्यातला त्याचा भाऊ लुईजी. मुलगी व्हायचं असेल तर पिंजऱ्यात जाऊन उभं राहा, असंच होतं ते. 1996 मध्ये टूम रेडरची लारा क्रॉफ्ट आली. ती स्वतः कडे चढायची, पाण्यात सूर मारायची, बंदूक चालवायची. केवढा आनंद! पण तिचे कपडे आणि तिची अंगकाठी कुणाच्या नजरेसाठी काढली आहे, हे कॉलेजच्या मुलीलाही कळत होतं. पुढच्या भागांमध्ये ती बरीच माणसात आली, हेही खरं.

मग 2020 मध्ये आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं राजी नावाचा गेम काढला. राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. कोण कुणाला सोडवतंय बघा! मधल्या गोष्टी कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांसारख्या दाखवल्या आहेत, दुर्गा आणि विष्णू मिळून कथा सांगतात, भिंतींवर आपल्या पुराणातली चित्रं आहेत. परदेशी किल्ले आणि ड्रॅगन बघून कंटाळलेल्या डोळ्यांना महालाची जाळी आणि कमळाचं तळं दिसलं की बरं वाटतं. पण आपला म्हणून पाठीशी घालणार नाही. मारामारी काही वेळानं त्याच त्याच वळणाची होते, उडी कधी कधी नेमकी नको तिथे पडते, आणि शेवट असा येतो की वाटतं, पुढचं पान फाटलं की काय. पाच-सहा तासांत संपतोही. तरी घरात दहा-बारा वर्षांची मुलगी आणि खेळायला कॉम्प्युटर असेल, तर तिला जरूर द्या. मी माझ्या भाचीला दिला. ती असुरांना मारण्यापेक्षा भिंतीवरची चित्रं बघत जास्त वेळ उभी राहायची.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या गेमबद्दल. त्याचं नाव स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणानं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं बसून तो बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्टही त्याचीच. 2016 मध्ये तो बाजारात आला. शहरातल्या कंपनीत कंटाळलेल्या माणसाला आजोबांची पडीक शेती मिळते आणि तो गावी जातो, एवढीच गोष्ट. हातात 500 नाणी आणि थोडं बियाणं. झाडं तोडा, दगड उचला, वाफा करा, पाणी घाला. चार ऋतू, प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा. गावातल्या लोकांशी बोला, त्यांच्या वाढदिवसाला भेट द्या, नदीवर मासे धरा. घाई नाही, मारामारी करायची तर खाणीत जाऊन करा, नाहीतर करू नका. एकदा पैसे देऊन घेतला की परत कुणी पैसे मागत नाही. रात्री दुकान बंद करून, भांडी आवरून, मुलं झोपली की मी अर्धा तास शेतावर जाते. गावची बायको शेतावर जाते म्हणून आमचे अहो हसतात.

माझं माहेर काटोलकडचं. बाबांची संत्र्याची बाग आहे, थोडा कापूस आहे. एका दिवाळीला मी पलंगावर बसून हा गेम खेळत होते आणि बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पानी नाही दिलं त का होते, बाई?" मी म्हटलं, पीक मरत नाही बाबा, वाढायचं थांबतं, उद्या पाणी दिलं की पुन्हा वाढतं. "अन् पाखरं?" कावळे येतात, पण बुजगावणं लावलं की येत नाहीत. "विकाले कुठं नेतं?" घराबाहेर एक पेटी आहे, संध्याकाळी त्यात माल टाकायचा, सकाळी पैसे जमा. मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "भाव कोन ठरवते?" मी म्हटलं, भाव ठरलेलाच असतो, बदलत नाही. बाबा हसले. "हे त बेसच आहे बाप्पा," म्हणाले आणि बागेत निघून गेले.

तेव्हापासून तो गेम खेळताना बाबांचे प्रश्न माझ्या डोक्यात असतात. गुलाबी बोंडअळी त्या गेममध्ये नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळकडच्या बोंडांमधून ती निघाली तेव्हा काय झालं, हे ज्यांनी पाहिलं ते विसरले नाहीत. फळगळ नाही. गारपीट होऊन अख्खा मृग बहार जमिनीवर नाही. अडत्या नाही, कळमन्यात ट्रॅक्टर उभा करून दोन दोन रात्री जागणं नाही, बँकेची नोटीस नाही, सावकार तर नाहीच. थोडक्यात, शेतीतली मेहनत ठेवली आहे आणि भीती काढून टाकली आहे. म्हणून तो गोड लागतो. राबलं की मिळतंच, असा कायदा असलेला मुलूख आहे तो. शहरातल्या एखाद्या पोट्ट्यानं तो खेळून शेती सोपी असते असं ठरवलं, तर त्या समजुतीला काही आधार नाही हे सांगायला आपल्या घरात माणसं आहेत. पण मला विचाराल तर, दिवसभर ज्यांच्या कष्टाचा भाव दुसरेच ठरवतात अशा बाईला रात्री अर्धा तास त्या मुलखात जाऊन यावंसं वाटलं, तर त्यात गैर काय आहे? सिनेमा बघताना आपण हेच करतो.

यावरून माझी एक साधी कसोटी आहे. बायकांसाठी गेम चांगला की वाईट हे बघताना मी आधी विचारते, तो थांबवता येतो का? कुकरची शिट्टी झाली, दारावर दूधवाला आला, सासूबाईंनी हाक मारली, तर बटण दाबून ठेवून देता येतो का? मारियो थांबवता येतो, शेतीचा थांबवता येतो, राजी थांबवता येतो. बंदुकीचे ऑनलाइन गेम थांबवता येत नाहीत. आणि घरातली निम्मी भांडणं इथे आहेत, हे आयांनी नीट समजून घ्यावं.

बीजीएमआय आपण साधारण पबजी म्हणूनच ओळखतो. त्यात 100 खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या मारतात. सगळे निःशस्त्र. घरं शोधायची, बंदुका उचलायच्या, आणि हळूहळू लहान होत जाणाऱ्या वर्तुळात राहायचं. शेवटी जो उरतो तो जिंकला. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. बहुतेक वेळा चौघांचा गट असतो. आता तुमचा मुलगा डावाच्या मध्यावर आहे आणि तुम्ही म्हणता, ऊठ, जेवायला चल. तो म्हणतो, आई दोन मिनिटं. तुम्हाला वाटतं टाळतोय. कधी कधी टाळतही असतो. पण तो उठला तर बाकीच्या तिघांचा डाव बुडतो, आणि त्यातला एक त्याच्याच वर्गातला असतो. मैदानावर क्रिकेट चालू असताना बॅट घेऊन घरी येणाऱ्या मुलाशी उद्या कुणी खेळत नाही, तसंच आहे हे. म्हणून आमच्या घरी "बंद कर" असं म्हणत नाही. "हा डाव संपला की फोन इकडे" असं म्हणतो. डाव सुरू करण्याआधी घड्याळ बघायची जबाबदारी त्याची. नऊला जेवण असेल तर साडेआठनंतर नवा डाव नाही. हा नियम लागू केल्यापासून आमच्याकडे फोन हिसकावणं बंद झालं. फोन हिसकावला की मुलगा गेमबद्दल विचार करत नाही, तो हिसकावणाऱ्याबद्दल विचार करतो.

त्या गेममधलं चांगलं काय? नकाशा वाचणं, आवाजावरून दिशा ओळखणं, चौघांत काम वाटून घेणं, आणि जो पडला त्याला उचलायला जिवावर उदार होऊन परत जाणं. हे सगळं मी स्वतः अनुभवलं आहे. वाईट काय, तर तो माईक. बाईचा आवाज ऐकला की काही पोट्ट्यांच्या तोंडाला काय होतं देव जाणे. घाणेरडे प्रश्न, शिव्या, नंबर दे म्हणून मागे लागणं. अशा एका ऑनलाइन गेममध्ये मी वर्षभर पुरुषाच्या नावानं आणि माईक बंद ठेवून खेळले. मैत्रिणींशी बोलले तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणी तेच करत होत्या. बायका गेम खेळत नाहीत असं म्हणणाऱ्यांना आम्ही दिसणार कुठून? मुलगी ऑनलाइन खेळत असेल तर एवढं करा, अनोळखी लोकांशी बोलणं बंद ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती तिला दाखवा. त्रास देणाऱ्याला ब्लॉक करायचं आणि तक्रारीचं बटण दाबायचं. आणि तिनं येऊन सांगितलं तर "मग खेळतेस कशाला" हे वाक्य गिळून टाका. ते ऐकलं की ती पुढच्या वेळी सांगत नाही.

या गेमवर सरकारनं बंदी घातली तेव्हा आमच्या गल्लीत आयांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. 2020 च्या सप्टेंबरात पबजी गेला, 2021 च्या जुलैत बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत तोही बंद, 2023 च्या मे महिन्यात परत सुरू. बंदी होती ती देशाच्या सुरक्षेच्या आणि लोकांच्या माहितीच्या कारणावरून. तुमच्या मुलाच्या दहावीशी तिचा संबंध नव्हता. परत आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास आणि मोठ्यांना 6 तास अशी मर्यादा घालून आला. आता मोठ्यांच्या नावानं खातं काढलं की 3 चे 6 होतात, हे मुलांना आपल्याआधी कळतं.

आता फुकटच्या गेमकडे येऊ. फुकट हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. कँडी क्रश घ्या, 2012 पासून चालू आहे, आपल्यापैकी निदान निम्म्या जणींनी खेळला असेल. पाच जीव मिळतात. संपले की एक जीव परत यायला अर्धा तास. घाई असेल तर पैसे द्या. दोनच चाली कमी पडल्या? पैसे द्या, चाली घ्या. मारियोमध्ये माझी उडी चुकली की मी आऊट व्हायचे. इथे तुमचं कौशल्य कमी पडलं की दुकान उघडतं. गेम बनवणाऱ्याला पोट आहे, त्यानं पैसे घ्यावेत. पण आधी किंमत सांगून घ्यावेत. अडवून घेणं वेगळं. आणि त्याहून वाईट त्या बंद पेट्या. पैसे देऊन पेटी घ्यायची, आत तलवार निघेल की चिंधी, ते नशीब. ही लॉटरीच झाली, आणि ती लहान मुलांना विकतात. बेल्जियमनं 2018 मध्ये हा जुगार आहे असं सांगून अशा पेट्यांना मनाई केली.

लुडो किंगचं मात्र मला कौतुक आहे. 2016 मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनं काढलेला हा गेम, आणि 2020 च्या टाळेबंदीत त्यानं किती घरं जोडून ठेवली! माझी नणंद पुण्यात, आत्या अमरावतीला, मी इथे. रोज रात्री नऊला डाव. आत्यांनी पासष्टाव्या वर्षी मोबाईल हातात धरला तो लुडोसाठी, आणि त्यातूनच व्हिडिओ कॉल शिकल्या. जाहिराती फार येतात, हा दोष. पण तेवढा सोसला.

आता मुख्य मुद्दा. मी आजवर ज्यांच्याबद्दल बोलले ते गेम आहेत. पैसे लावून खेळायची रमी, पैशांचा तीन पत्ती, रंग ओळखा आणि दुप्पट मिळवा, हे गेम नाहीत. हा जुगार आहे. त्यानं गेमचे कपडे घातले आहेत एवढंच. दोन्हींना आपण एकाच नावानं हाक मारतो, म्हणून घरात चुकीच्या माणसावर ओरडलं जातं. चौदा वर्षांचा मुलगा पुठ्ठ्याचं शहर बांधायचा गेम खेळतो म्हणून घर डोक्यावर घेतात, आणि बाजूच्या खोलीत मोठा माणूस शांतपणे पैसे घालवत असतो.

माझ्या दुकानात एक ताई आल्या होत्या. नवऱ्याचं बँक स्टेटमेंट काढून द्या म्हणाल्या, कर्जासाठी हवं होतं. सात महिन्यांचं स्टेटमेंट साधारण आठ-दहा पानांत मावतं. प्रिंटर चालू झाला तो थांबेना. चाळीसच्या वर पानं निघाली. 50 रुपये, 100 रुपये, 200, पुन्हा 100. रात्री बारानंतर एका तासात दहा-दहा वेळा. मधेच कुठेतरी जमेकडे 1,800. त्या 1,800 नंतर खर्चाचे आकडे मोठे झालेले. ताईंनी विचारलं, हे कशाचे हो? आम्ही दोघींनी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली. ती लाखाच्या वर गेली. ताई पोळ्या लाटायला जातात, चार घरी. त्या काही बोलल्या नाहीत. पानं नीट जुळवली, पिशवीत ठेवली आणि मला झेरॉक्सचे पैसे किती झाले ते विचारलं.

ते मधले 1,800 लक्षात ठेवा. जुगाराची सगळी यंत्रणा त्यावर चालते. मारियोत मी हरले तर मला कळतं, उडी उशिरा मारली. पुढच्या वेळी लवकर मारते. जुगारात हरलं तर शिकण्यासारखं काही नसतं. पुढचा डाव आपला असेल अशी आशाच तेवढी असते. आणि मधूनमधून थोडं जिंकू दिलं की ती आशा मरत नाही.

हे फक्त गरिबांच्या घरात होतं असं समजू नका. 2023 च्या जुलैत आपल्याच नागपूरच्या एका व्यापाऱ्याचे ऑनलाइन जुगाराच्या ॲपमध्ये 58 कोटी गेल्याची तक्रार पोलिसांत आली. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोनं सापडलं. वर्तमानपत्रात नोटांच्या थप्प्यांचे फोटो आले होते, आठवत असतील. शिकलेला, धंदा करणारा, रोज हिशेब लिहिणारा माणूस होता.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं यावर कायदा केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. मग तो खेळ नशिबाचा असो की अकलेचा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे महत्त्वाचं आहे. म्हणजे घरातला माणूस त्यात अडकला असेल तर पोलिस त्यालाच धरतील या भीतीनं गप्प बसू नका. स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे गेम यांना या कायद्यानं हात लावलेला नाही, उलट प्रोत्साहन द्यायचं म्हटलं आहे. मी दुकानात बसून वाट पाहत होते ती याच भेदाची. पण कायदा झाला म्हणून लिंक यायच्या थांबलेल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर येतात, टेलिग्रामवर येतात, परदेशात बसून चालवतात. पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, तिथे लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

गेमचं व्यसन लागतं का, हाही प्रश्न नेहमी येतो. लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते आजारांच्या यादीत घेतलं आहे, ती यादी 2022 च्या जानेवारीपासून लागू आहे. पण त्यांनी म्हटलं आहे ते नीट ऐका. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. सुट्टीत चार तास खेळला म्हणजे आजारी नाही. शाळा सुटली, झोप सुटली, अंघोळ सुटली, मित्र सुटले, तर मात्र थांबू नका. आपल्याकडे मेडिकलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे, मेयोमध्येही आहे. जायला संकोच वाटत असेल तर 14416 या टेली मानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं. आणि एक बघा, मूल गेमकडे जातंय की कशापासून तरी पळतंय? शाळेत कुणी छळत असेल, घरात रोज भांडण असेल, तर फोन काढून घेतल्यानं त्याची पळायची जागा तेवढी जाते, छळ तसाच राहतो.

दिव्या देशमुख 2025 च्या जुलैत बातुमीहून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक घेऊन आली, तेव्हा नागपूर विमानतळावर केवढी गर्दी! मलाही अभिमान वाटला. तेव्हा माझा थोरला म्हणाला, आई, बुद्धिबळ चार तास खेळलं की हुशार आणि माझा गेम दोन तास खेळला की वाया गेलेला, असं का? मी म्हटलं, तिनं त्या चार तासांसाठी काय काय सोडलं ते आधी वाच, मग बोलू. पण प्रश्न अगदीच वावगा नव्हता, हे मी त्याला नाही तरी तुम्हाला सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या येतील. दुपारभर मुलं घरात असतील. एक दिवस त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, मला शिकव. तुम्ही पहिल्या मिनिटाला आऊट व्हाल, तो पोट धरून हसेल. हसू द्या. पण तेवढ्या वेळात स्क्रीनवर पैशाचं बटण कुठे आहे, अनोळखी माणूस बोलतोय का, डाव किती वेळाचा आहे, हे तुम्हाला दिसेल. तरीही फोनमधला गेम कुठल्या प्रकारचा आहे ते कळलं नाही, तर फोन घेऊन माझ्या दुकानात या. बघून सांगते, त्याचे पैसे घेत नाही. सकाळी 10 ते रात्री 8 उघडं असतं, दुपारी 2 ते 4 तेवढं बंद.